कमर्शियल बिल्डिंगचे नियम लिहिणाऱ्या समितीला खुलं पत्र: आधी खालचे पाच मीटर बघा

समितीच्या सगळ्या सभासदांना नमस्कार,

कमर्शियल बिल्डिंगच्या झोनिंगचा (म्हणजे कुठल्या भागात काय आणि किती बांधायचं याचा) आणि डिझाईनच्या नियमांचा तुमचा मसुदा वाचला. पूर्ण वाचला, परिशिष्टं आणि त्यातले तक्तेसुद्धा, कारण माझं पोटच त्यावर चालतं. तीसेक वर्षं मी आर्किटेक्टच्या ऑफिसात प्लॅन काढतोय, आधी ट्रेसिंग पेपरवर आणि ब्लेडने खरवडून, आता कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर. तुम्ही मीटिंगमध्ये 3 चा 4.5 करता, तो आकडा पुढे माझ्या स्क्रीनवर येतो आणि त्याची भिंत होते, त्यामुळे कुठल्या आकड्याचं काय होणार हे मला जरा आधी दिसतं एवढंच, बाकी मी काही तज्ज्ञ वगैरे नाही.

हरकती-सूचनांचा फॉर्म पण भरायला घेतला होता. त्यात कलम क्रमांक लिहायचा, उपकलम लिहायचं आणि मग म्हणणं मांडायला चार ओळींचा चौकोन. माझी हरकत कुठल्या एका कलमावर नाहीच, जे मसुद्यात नाहीये त्यावर आहे, आता त्याचा कलम नंबर काय टाकू? म्हणून हे पत्र.

थोडक्यात म्हणणं असं की तुमचा मसुदा बिल्डिंगकडे वरून बघतो. एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम) किती, उंची किती, चारी बाजूंनी मार्जिन म्हणजे मोकळी जागा किती, गाड्या किती. हे सगळं प्लॅनवर मोजता येतं आणि प्लॅन म्हणजे छतावरून बघितलेलं चित्र. पण रस्त्यावरून चालणारा माणूस छतावर नसतो ना. त्याला दिसतात ते खालचे चार-पाच मीटर, आणि तेही बाजूने, अगदी नाकासमोर. बाराव्या मजल्याला काय क्लॅडिंग केलंय ते त्याला मान वर केल्याशिवाय दिसत नाही आणि मान वर करून कोणी चालत नाही, चाललाच तर पडेल. तर या खालच्या पाच मीटरबद्दल 140 पानांत तुम्ही काय लिहिलंय? "दर्शनी भाग सौंदर्यपूर्ण व परिसराशी सुसंगत असावा." एवढंच! एक वाक्य.

हे मी हवेत बोलत नाहीये. मागच्या आठवड्यात टेप घेऊन एका बिल्डिंगच्या समोरून चाललो. नाव सांगत नाही, कारण तिच्यात बेकायदा काहीही नाही, आणि दुसरं म्हणजे तिची ड्रॉइंग्ज आमच्याच ऑफिसात झालीयत आणि त्यातली निम्मी माझ्या हातची आहेत. रस्त्याकडची बाजू 84 मीटर. एका टोकापासून सुरुवात केली. आधी ट्रान्सफॉर्मरचं कंपाउंड, जाळीचं, वर धोक्याची पाटी. मग बेसमेंटच्या रॅम्पचं तोंड, तिथे फूटपाथ कापलेला आणि गोल आरसा लावलेला, म्हणजे गाडीवाल्याला माणूस दिसावा, माणसाला गाडी दिसावी यासाठी काही नाही. मग मीटर रूमचा लोखंडी दरवाजा. मग जनरेटरच्या खोलीची जाळी, तिच्यातून गरम वारा बरोबर छातीच्या उंचीवर येतो. त्यानंतर काच. हुश्श, काच आली म्हटलं, तर तिच्यावर आतून फिल्म चिकटवलेली आणि फिल्मवर हसणाऱ्या माणसांचे फोटो. असे 38 मीटर हसणारे फोटो. शेवटी अग्निशमनाचा व्हॉल्व्ह, कचऱ्याची खोली आणि कोपरा. दरवाजे किती? माणसांनी आत जायचा असा एक. तोही कोपऱ्यावरून वळून, पार्किंगच्या बाजूला.

84 मीटर चालायला मला मिनिटभर लागला. ऐकायला मिनिट काहीच वाटत नाही, पण उन्हात भिंतीच्या कडेने मिनिटभर चालून बघा, रात्री तर बघाच.

आता हे कोणी ठरवून केलं का, तर नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. वीजवाल्यांचा नियम की ट्रान्सफॉर्मर रस्त्यावरून थेट पोचता येईल असा हवा. फायरवाल्यांना व्हॉल्व्ह रस्त्याकडे हवा, बरोबरच आहे. कचऱ्याची गाडी रस्त्यावर उभी राहणार म्हणजे ती खोली पण पुढे. रॅम्पला रस्ता लागतोच. प्रत्येकाने आपापलं कलम सांगितलं, मी एकेक करून पुढच्या बाजूला बसवत गेलो, आणि सगळ्यांचं समाधान झाल्यावर माणसासाठी जी जागा उरली तिथे दरवाजा काढला. माणसाचा दरवाजा रस्त्याकडेच पाहिजे असं कुठलंच कलम म्हणत नव्हतं, त्याच्या वतीने बोलणारं खातंच नाही. मंजुरीच्या तपासणीत, म्हणजे स्क्रुटिनीमध्ये, एकही शेरा आला नाही. सगळे तक्ते टॅली.

नियमाचा आकार बिल्डिंगला येतो हे काही मी नवीन सांगत नाहीये. 1915 मध्ये न्यूयॉर्कला इक्विटेबल बिल्डिंग झाली, 38 मजले, फूटपाथच्या कडेपासून सरळसोट वर. प्लॉट एक एकरालाही जरा कमी आणि बांधकाम साधारण 12 लाख चौरस फूट, म्हणजे आपल्या भाषेत एफएसआय 30 च्या आसपास. आजूबाजूच्यांचं ऊन गेलं, बोंबाबोंब झाली, आणि जुलै 1916 मध्ये शहराने झोनिंगचा ठराव केला. (खरं तर तयारी आधीपासून चालू होती, फिफ्थ ॲव्हेन्यूचे बडे दुकानदार कपड्यांचे कारखाने जवळ सरकत आले म्हणून वैतागलेले होते, पण गोष्ट सांगताना सगळे त्या बिल्डिंगचंच नाव घेतात.) नियम असा केला की रस्त्याच्या रुंदीच्या हिशेबात ठराविक उंचीपर्यंत सरळ जा, मग मागे सरकत जा, आणि प्लॉटच्या 25 टक्के भागावर टॉवर हवा तेवढा उंच न्या. झालं, पुढची कित्येक वर्षं तिथे लग्नाच्या केकसारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या. ती काय कोणाची आवड नव्हती, माझ्यासारख्याच कोणीतरी नियमाची रेघ धरून जास्तीत जास्त बसवलं होतं.

मग 1961 मध्ये त्यांनी नवा ठराव केला आणि त्यात एक आमिष ठेवलं. समोर मोकळा प्लाझा सोडा आणि त्या बदल्यात जास्त बांधकाम घ्या, सगळ्यात दाट भागात एक चौरस फूट प्लाझाला दहा चौरस फूट बोनस. आता असा व्यवहार कोण सोडेल? प्लाझेच प्लाझे झाले. फक्त तिथे बसायला काही नव्हतं, कारण नियमात बसायचं लिहिलं नव्हतं. नुसती फरशी, कडेच्या कठड्यांवर कोणी टेकू नये म्हणून वर टोकं लावलेली. विल्यम व्हाईट म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी 70 च्या दशकात या प्लाझांवर कॅमेरे लावले आणि माणसं कुठे थांबतात, कुठे बसतात हे महिनोन्महिने नुसतं बघितलं. निष्कर्ष काय, तर जिथे बसायला जागा आहे तिथे लोक बसतात. हसू येतं ना? पण हे कळायला दशकभर लागलं, आणि मग 1975 मध्ये नियम बदलला, प्लाझाच्या दर 30 चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बसायची जागा द्यायची. आकडा आला, बाकं आली.

मला या गोष्टीतलं हेच महत्त्वाचं वाटतं. बिल्डर चांगले झाले म्हणून बाकं आली नाहीत, 30 ला 1 असं लिहिलं म्हणून आली. "प्लाझा लोकाभिमुख असावा" असं लिहिलं असतं तर अजून टोकंच असती.

खालच्या पाच मीटरचे नियम करता येत नाहीत असं जर कोणी मीटिंगमध्ये म्हणालं तर त्यांना बोलोन्या सांगा. इटलीतलं शहर. 1288 साली तिथे कायदा झाला की नवीन घर बांधायचं तर रस्त्याकडे कमानींचा आच्छादित पोर्टिको सोडायचा, आणि त्याची उंची किमान सात बोलोन्याचे फूट, म्हणजे आपले 2.66 मीटर, का तर घोड्यावर बसलेला माणूस खालून जाऊ शकला पाहिजे. जागा मालकाची, खर्च मालकाचा, दुरुस्ती मालकाची आणि चालणार सगळं गाव. आज तिथे एकूण 62 किलोमीटर पोर्टिको आहेत आणि 2021 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. सातशेहून जास्त वर्षांपूर्वी त्या लोकांनी उंची ठरवताना रस्त्यावरचा माणूस, आणि तो पण घोड्यासकट, डोळ्यापुढे धरला होता. आपल्या मसुद्यात स्टिल्टची (गाड्यांसाठी खांबांवर उघड्या ठेवलेल्या तळमजल्याची) उंची कशावरून ठरलीय ते तुम्हाला माहितीच आहे. गाडीवरून.

दुसरं उदाहरण तर समितीलाच लिहिलेलं आहे. नोव्हेंबर 1822 मध्ये सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथल्या नगर समितीला सूचना पाठवल्या, त्यात सांगितलं की प्रत्येक घराला पुढे ठराविक खोलीचा व्हरांडा हवा, तो कायम उघडा हवा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तो सलग, छताखालून चालता येईल असा हवा. त्यातूनच तिथले फाइव्ह-फूट वे आले. ऊन असो पाऊस असो, माणूस दुकानांच्या समोरून कोरडा चालत जातो. एका मालकाने नुसता स्वतःपुरता व्हरांडा केला तर त्याला काही अर्थ नाही, शेजाऱ्याने तिथे भिंत घातली की संपलं, म्हणूनच हे नियमात लागतं. सगळंच गोड झालं असं नाही हं. दुकानदारांनी व्हरांड्यात माल मांडला, पालिका तो हटवायला गेली आणि फेब्रुवारी 1888 मध्ये त्यावरून चक्क दंगल झाली. म्हणजे जागा नुसती सोडून भागत नाही, तिच्यातली किती चालायला आणि किती मांडायला हे पण लिहावं लागतं. तुम्ही 4.5 मीटर फ्रंट मार्जिन ठेवलंय, त्यात काय व्हावं हे कुठे लिहिलंय? नाही लिहिलं, म्हणून तिथे पेव्हर ब्लॉक, तीन कुंड्या, सिक्युरिटीची केबिन आणि दुचाकी. आणि मग कंपाउंड वॉल! दुकानांच्या बिल्डिंगला कंपाउंड वॉल कशाला लागते हे मला तीस वर्षांत कोणी समजावून सांगितलेलं नाही. शक्य असेल तर मार्जिन कमी करा, किमानाऐवजी कमाल लिहा, बिल्डिंग फूटपाथपासून इतक्या मीटरच्या आत आलीच पाहिजे असं, आणि भिंत रद्द.

काचेचं सांगतो आता, इथे माझी चूक आहे. बऱ्याच शहरांत असा नियम असतो की तळमजल्याच्या रस्त्याकडच्या बाजूला, साधारण गुडघ्याच्या वरपासून डोक्याच्या वरपर्यंतच्या पट्ट्यात, इतके टक्के काच हवी, साठ टक्के वगैरे. तुमच्या मसुद्यात तो नाहीये पण कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. असा नियम एका कामात आम्हाला लागला होता. मी साठ टक्के काच काढली, एलेव्हेशन (म्हणजे बिल्डिंगचं समोरून दिसणारं ड्रॉइंग) मस्त दिसत होतं, मंजूर झालं. ताबा घेतल्यावर भाडेकरूने आतून काचेला पाठ लावून रॅक उभे केले. म्हणजे बाहेरून दिसायचं काय तर रॅकची मागची बाजू, पत्रा, बारकोडची स्टिकरं आणि धूळ. महिनाभरात तेही वाईट दिसतं म्हणून त्यांनी फिल्म लावली. मी चिडलो होतो, पण नंतर विचार केला, मी प्लॅनमध्ये काचेच्या मागे काय असणार हे बघितलंच नव्हतं, नियमाने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. म्हणून लिहायचं तर असं लिहा की बाहेरून आत किमान दीड-दोन मीटर नजर गेली पाहिजे, आणि हे ऑक्युपन्सी म्हणजे वापराचा दाखला देतानाच नाही, नंतर पण लागू राहील. काचेची टक्केवारी मला काय, एका क्लिकवर काढून देईन मी.

त्यापेक्षा दरवाजे मोजा. डेन्मार्कचे आर्किटेक्ट यान गेल यांची मोजायची पद्धत फार साधी आहे, रस्त्याच्या 100 मीटर लांबीत दरवाजे किती. 15 ते 20 असले तर रस्ता जिवंत, दोनपर्यंत असले तर मेलेला. कारण पण सरळ आहे, माणूस ताशी पाच किलोमीटरने चालतो, म्हणजे पाच सेकंदात सातेक मीटर, आणि दर पाच सेकंदांनी बघायला काहीतरी नवीन आलं तर त्याला कंटाळा येत नाही. माझ्या 84 मीटरच्या बिल्डिंगला या हिशेबाने बारा-तेरा दरवाजे पाहिजे होते. मोठ्या दुकानाला एकच दरवाजा परवडतो, कळतं मला, चोरीचा प्रश्न, एसीचा प्रश्न. मग मोठं दुकान मागे न्या आणि रस्त्याकडे सहा-सात मीटर खोलीचे छोटे गाळे काढा, मोठ्याला मधून रुंद वाट द्या. हे करता येतं, मी स्केच काढून देईन, फुकट. आणि ट्रान्सफॉर्मर, मीटर, कचरा, रॅम्प या सगळ्यांना मिळून रस्त्याकडची लांबी किती खाता येईल याची एक टक्केवारी घाला. पंचवीस म्हणा, तीस म्हणा, पण एकत्र मोजा, कारण वेगवेगळं मोजलं की प्रत्येकजण म्हणतो आमची फक्त चार मीटर.

दरवाजाची पातळीसुद्धा लिहा जाता जाता. प्लिंथ (जोतं) 45 सेंटिमीटर ठेवली की 1:12 च्या उताराने व्हीलचेअरला 5.4 मीटरचा रॅम्प लागतो, तो मी प्रत्येक प्लॅनवर काढतो आणि जागेवर तो कुठेतरी मागे जातो, नाहीतर त्याच्यावर कुंडी येते. पाणी साचत नसेल तिथे दुकानाची फरशी आणि फूटपाथ एका लेव्हलला ठेवा, रॅम्पचा विषयच संपला.

पार्किंग. हा विषय काढला की लोक अंगावर येतात म्हणून शेवटी ढकलणार होतो, पण खरं कारण तेच आहे, बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं. एका गाडीला अडीच बाय पाच मीटरची जागा, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण गाडीला तिथपर्यंत यावं लागतं, वळावं लागतं, म्हणून ड्राइव्ह-वे आणि रॅम्प धरून 25 ते 30 चौरस मीटर जातात. नियम जर दर 50 चौरस मीटर ऑफिसला एक गाडी असा असेल तर ऑफिसच्या निम्मी किंवा त्याहून जास्त जागा गाड्यांसाठी बांधायची. बरं, बेसमेंटमध्ये न्यायच्या म्हटलं तर साडेतीन मीटर खाली उतरायला 1:8 च्या उताराने 28 मीटर रॅम्प लागतो. आता वीस मीटर लांबीच्या प्लॉटवर 28 मीटरचा रॅम्प मी कुठे काढू? गोल फिरवला तर वळायला जागा नाही. मग एकच उपाय उरतो, तळमजला गाड्यांना द्यायचा आणि दुकानं वर. लहान प्लॉटवाला रस्त्याकडे दुकान काढूच शकत नाही, त्याची इच्छा असली तरी, आणि मग तो प्लॉट शेजारच्या मोठ्याला विकतो, दोन-तीन प्लॉट एकत्र होतात, आणि 84 मीटरची बाजू तयार होते. बघा, कुठून कुठे आलं.

अर्थशास्त्रज्ञ डोनाल्ड शूप यांनी अख्खं आयुष्य हेच सांगण्यात घालवलं, की किमान पार्किंगचे हे आकडे फार कशावर आधारलेले नसतात, एका शहराचे बघून दुसरं शहर उतरवतं. (आपल्या मसुद्यातला तक्ता कुठून उतरवलाय ते मी ओळखलंय, त्यात एक टायपिंगची चूक पण तशीच आलीय, असो.) 2017 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहराने किमान पार्किंगची अट शहरभर काढून टाकली, त्याच वर्षी मेक्सिको सिटीने किमानाच्या जागी कमाल मर्यादा आणली. तिथे गाड्या लागत नाहीत असं नाही, ज्याला जेवढं लागतं तेवढं तो बांधतो, बस. तुम्ही एकदम शून्य करा असं मी म्हणत नाही, माझ्या म्हणण्याने तुम्ही करणार पण नाही. निदान 500 चौरस मीटरच्या खालच्या प्लॉटला सूट द्या आणि कुठल्याही प्लॉटवर रस्त्याकडच्या पहिल्या सहा मीटर खोलीत गाडी उभी करायला बंदी घाला. फक्त हे दुसरं जरी केलंत तरी पुष्कळ आहे.

वापराच्या झोनबद्दल जास्त बोलत नाही, ते माझं काम नाही. एवढंच, की निवासी म्हणजे दुकान अजिबात नाही हा हट्ट 1926 च्या युक्लिडच्या खटल्यापासून (युक्लिड हे तिथलं एक गाव, त्याचं झोनिंग सुप्रीम कोर्टाने मान्य केलं) अमेरिकेत पक्का झाला आणि तिथले लोक दूध आणायला गाडी काढायला लागले. जपानमध्ये 13 प्रकारचे झोन आहेत, देशभर तेच, आणि त्यातल्या सगळ्यात कडक निवासी झोनमध्ये पण घरात छोटं दुकान चालतं, 50 चौरस मीटरपर्यंत आणि घराच्या निम्म्यापेक्षा कमी. एका ओळीचा नियम आहे.

उंच बिल्डिंगचं पण खाली येऊनच भोगावं लागतं. लंडनच्या 20 फेंचर्च स्ट्रीट या उंच बिल्डिंगच्या आतल्या बाजूला वळलेल्या काचांनी 2013 च्या उन्हाळ्यात ऊन एकवटून खाली पार्क केलेल्या जॅग्वारचे भाग वितळवले, पुढे त्यांना वरून सनशेड लावावी लागली. इंग्लंडमधल्याच लीड्स शहरातल्या ब्रिजवॉटर प्लेस या उंच बिल्डिंगच्या पायथ्याशी वारा इतका जोरात यायचा की 2011 मध्ये एक लॉरी उलटून एका पादचाऱ्याचा जीव गेला. मसुद्यात 45 मीटरच्या वर वाऱ्याचा अभ्यास सांगितलाय तो स्ट्रक्चरसाठी आहे, बिल्डिंग पडू नये म्हणून. फूटपाथवर वारा किती लागेल याचाही मागा.

आणि पाट्या. ब्राझीलमधल्या साओ पाउलोने 2007 पासून बाहेरच्या जाहिराती बंद केल्या आणि दुकानाच्या पाटीला माप दिलं, दहा मीटरपेक्षा कमी तोंड असेल तर दीड चौरस मीटर, त्याच्या वर शंभर मीटरपर्यंत चार. दुकानदार बुडतील म्हणून ओरड झाली होती. तुमच्या मसुद्यात पाटी "योग्य आकाराची" आहे. योग्य म्हणजे शेजारच्यापेक्षा थोडी मोठी, असं प्रत्येक दुकानदार म्हणणार, चुकलं का त्याचं?

ही "योग्य", "सुसंगत", "सौंदर्यपूर्ण" अशी विशेषणं मात्र खरंच काढा हो. तुम्हाला वाटतं त्याने डिझाईनची क्वालिटी येते. टेबलाच्या या बाजूला काय होतं ते सांगतो. फाइल घेऊन गेलं की समोरचा साहेब म्हणतो एलेव्हेशन जरा उठावदार करा. उठावदार म्हणजे काय हे त्याला पण माहीत नसतं आणि मला पण नसतं, मग मी कोपऱ्यात एक उभी पट्टी काढतो, वर एक अर्धगोल टोपी ठेवतो, आणि मंजूर. शहरभर ज्या टोप्या दिसतात ना बिल्डिंगांवर, त्या अशा आल्यायत. साहेब बदलला की चव बदलते, पुढचा म्हणतो टोपी कशाला. विशेषणावर वाद घालता येतो, ओळख लावता येते, आणखी पण बरंच लावता येतं. दरवाजे मात्र मोजता येतात, रस्त्यावर उभं राहून कोणालाही, पाचवीतल्या पोरालासुद्धा. रंग कुठला, कमान की चौकट, दगड की विटा हे मालकावर आणि आर्किटेक्टवर सोडा, त्यातून काही वाईट बिल्डिंगा होतील, होऊ देत. वाईट दिसणारी बिल्डिंग तिला बारा दरवाजे असतील तर चालते.

शेवटची एक मागणी आहे आणि ती फुकटातली आहे. सध्या मंजुरीला एलेव्हेशन 1:100 ला मागता. त्या स्केलला माणूस कागदावर दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा होतो, दरवाजा दोन सेंटिमीटरचा, आणि खालचे पाच मीटर म्हणजे पाच सेंटिमीटरची पट्टी, आणि तेवढ्याच भागासमोर आम्ही लोक झाडं काढतो. मुद्दाम काढतो. कॅडमध्ये झाडांचे ब्लॉक तयार असतात, ट्रान्सफॉर्मर आणि जाळ्या दिसू नयेत म्हणून नेमके त्यांच्या पुढे ठेवायचे, मी हे शेकडो वेळा केलंय. तर एक वेगळी शीट मागा. फक्त तळमजला, रस्त्याकडची पूर्ण लांबी, 1:50 ला, फूटपाथसकट, शेजारच्या बिल्डिंगची दोन्ही टोकं दाखवून, प्रत्येक दरवाजावर नंबर टाकून, रात्री कुठले दिवे लागणार तेही दाखवून. आणि झाडांना मनाई.

त्या 84 मीटरवाल्या बिल्डिंगची अशी शीट मी या रविवारी घरी बसून काढलीय. अशी एका पट्टीत काढल्यावर पहिल्यांदा मला ती सगळी एकदम दिसली, आणि खरं सांगतो, मंजुरीच्या आधी मी ही काढली असती तर त्या कचऱ्याच्या खोलीला मीच मागे ढकललं असतं, कोणी सांगायची गरज नव्हती. प्रिंट काढून तुमच्या आवक-जावकला देतोय, पुढच्या मीटिंगला टेबलावर उलगडा, लांब आहे, दोन टेबलं जोडावी लागतील.

आपला,
तीस वर्षं तुमचेच नियम रेघांत उतरवणारा एक ड्राफ्ट्समन